सागरी स्वावलंबनाचे अग्रणी : शेठ वालचंद हिराचंद दोशी

ढोकी हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. बालाघाटच्या पठारावरील काळी जमीन, ज्वारी-तुरीची शेते, उसाचे मळे आणि जवळून वाहणारी तेरणा नदी हाच या परिसराचा परिचय. तथापि या भूमीचे समुद्राशी असलेले नाते आजचे नाही. ढोकीच्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर नगर. येथील वस्त्रे व अन्य माल गाड्यांमधून पश्चिमेकडे भडोचच्या बंदरात जात असे व तेथून पुढे परदेशी रवाना होत असे, असा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात आढळतो. पाणी वाहावे तसा व्यापारही वाहतो. तेरणेचे पाणी मांजरेत, मांजरेचे गोदावरीत आणि गोदावरीचे बंगालच्या उपसागरात मिळते. त्याच सागराच्या तीरावर विशाखापट्टणम येथे सोलापूरच्या एका जैन सुपुत्राने भारतीय जहाजबांधणीचा कारखाना उभारला. विशेष म्हणजे त्यांच्या उद्योगजीवनाचा आरंभ ढोकीच्या अगदी शेजारून जाणाऱ्या लोहमार्गावर झाला होता. ते उद्योगमहर्षी म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

जैन समाजाला समुद्रप्रवास अपरिचित नाही. सिद्धचक्र विधानाच्या प्रसंगी कोटिभट श्रीपाल व मैनासुंदरीची कथा आबालवृद्ध श्रद्धेने ऐकतात. त्या कथेतील धवल शेठची गलबते, श्रीपालाच्या पुण्यप्रभावाने त्यांना मिळालेली गती, पुढे लोभापायी श्रीपालाला समुद्रात लोटणारा तोच धवल शेठ आणि त्या संकटातून सुखरूप पैलतीरी पोहोचणारा श्रीपाल ही चित्रे प्रत्येक श्रावकाच्या मनात कोरलेली असतात. विसाव्या शतकात तसाच एक सागरी प्रवास वालचंदांच्या वाट्याला आला. फरक इतकाच, की त्यांना समुद्रात लोटू पाहणारी सत्ता एका व्यापाऱ्याची नव्हे, तर एका साम्राज्याच्या पाठबळावर उभी होती.

कुलपरंपरा व बालपण

दोशी कुटुंब मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. दिगंबर जैन हुमड समाजातील हे घराणे व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन सोलापुरात स्थिरावले. सावकारी व कापसाचा व्यापार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. वालचंदांचे पिताश्री शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ धनिक व्यापारी नव्हते. धर्मग्रंथ सामान्य श्रावकाच्या हाती पडावेत, समाजातील मुलांनी शिकावे व अनिष्ट रूढी दूर व्हाव्यात, यासाठी झटणारे ते समाजसुधारक होते. मराठी जैन पत्रकारितेचा पाया घालणाऱ्या ‘जैन बोधक’ या नियतकालिकाच्या स्थापनेचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

अशा सुसंस्कृत कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे वालचंदांचा जन्म झाला. जन्मानंतर अल्पावधीतच त्यांचे मातृछत्र हरपले. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून १८९९ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि उच्च शिक्षणासाठी मुंबईस गेले. परंतु महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण न करताच ते घरच्या व्यवसायात परतले. पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करण्यात मात्र त्यांचे मन रमेना. पैशाने पैसा वाढविण्यापेक्षा पैशातून काही उभे करावे, अशी त्यांची मूळ प्रवृत्ती होती.

येडशी-तडवळ्याचा लोहमार्ग

ही प्रवृत्ती ज्या कामात प्रथम प्रकट झाली, ते काम ढोकी परिसरातील समाजबांधवांना विशेष अभिमान वाटावा असे आहे. एव्हरार्ड कालथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून साकारलेली बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी या टप्प्यात सुरू झाली होती. अवघी अडीच फूट रुंदीची ही गाडी पुढे निजामाच्या राज्यात, लातूरच्या बाजारपेठेकडे न्यावयाची होती. या मार्गावरील येडशी ते तडवळे या भागाच्या कामाचा ठेका वालचंदांनी घेतला. त्यांचे भागीदार होते लक्ष्मणराव बळवंत फाटक. फाटकांनी रेल्वेत कारकुनी केली होती. कामाची खाचाखोच त्यांना ठाऊक होती, परंतु गाठीशी भांडवल नव्हते. वालचंदांच्या पाठीशी घराण्याचे भांडवल व पत होती. १९०३ च्या सुमारास जुळलेली एका ब्राह्मण कारकुनाची व एका जैन सावकारपुत्राची ही भागीदारी ‘फाटक-वालचंद’ या नावाने नावारूपास आली.

भराव घालणे, खडी फोडून आणणे, मोऱ्या व पूल बांधणे, मजुरांची मजुरी वेळेवर चुकती करणे ही सारी कामे पेढीवरील गादीवर बसून होणारी नव्हती. वालचंदांच्या उद्योगजीवनाची धुळाक्षरे या मुलखाच्या मातीत गिरविली गेली. हा मार्ग तडवळ्यावरून ढोकी, मुरूड असा पुढे सरकत १९११ मध्ये लातूरला पोहोचला आणि या भागातील धान्य, कापूस व गळिताच्या मालाला मोठ्या बाजारपेठेची वाट खुली झाली. १ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण पूर्ण होऊन ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. पण या परिसरातील ज्येष्ठांच्या स्मरणात तिची शिटी अद्याप घुमते.

या कामाने वालचंदांना एक मूलभूत धडा दिला. माल कोणी पिकविला, याइतकेच तो कोण वाहून नेतो, यालाही महत्त्व असते. वाहतूक ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. पुढे समुद्रावर त्यांनी जो लढा दिला, त्याचे बीज या धड्यात होते.

‘लॉयल्टी’चे प्रस्थान

रेल्वेची कामे वाढत गेली. १९१९ च्या प्रारंभी दिल्ली-मुंबई प्रवासात वॉटसन नावाच्या एका इंग्रज गृहस्थांकडून वालचंदांना एक वार्ता समजली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट विकत घेऊन तिचे रुग्णालयवाहू जहाज केले होते. तिचे नवे नाव होते ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्याने ती विक्रीस निघाली होती.

दुसरा कोणी असता, तर प्रवासातील गप्पा म्हणून ही वार्ता विसरून गेला असता. वालचंदांनी मात्र मुंबईचे गिरणीमालक शेठ नरोत्तम मोरारजी यांच्याशी संधान बांधले. किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास हेही त्यांना येऊन मिळाले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ज्या राजघराण्याकडून पहिले जहाज मिळाले, त्याचेच नाव कंपनीला देण्यात आले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज भारतातून इंग्लंडकडे निघण्याचा हा प्रसंग इतिहासात नोंदला गेला. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. ‘लॉयल्टी’ने कंपनीला नफा दिला नाही. जहाज जुने होते, त्याचा खर्च मोठा होता आणि १९२३ मध्ये ते मोडीत काढावे लागले. म्हणजे ज्या जहाजाचा दिवस राष्ट्र साजरा करते, ते व्यापारी दृष्टीने तोट्याचेच ठरले. परंतु त्याने एक दार उघडले. तोपर्यंत कंपनीने मालवाहू आगबोटी मिळविल्या होत्या व किनारी व्यापारात पाऊल रोवले होते.

दरयुद्ध आणि १९२३ चा करार

हे पाऊल रोवणे किती कठीण होते, हे समजण्यासाठी त्या काळची स्थिती ध्यानी घ्यावी लागेल. भारताच्या किनाऱ्यावरील माल व प्रवासी वाहतुकीवर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. लॉर्ड इंचकेप हे तिचे सूत्रधार. कोणी भारतीय या धंद्यात उतरला, की वाहतुकीचे दर इतके खाली आणावयाचे, की नवागताचे दिवाळे निघावे. तो बाजूला झाला, की दर पुन्हा चढवावयाचे. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा अनुभव घेतला होता. १९०६ मध्ये तुतिकोरीनला स्वदेशी आगबोट कंपनी काढणारे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास भोगावा लागला व त्यांची कंपनीही टिकली नाही.

सिंदिया कंपनीवरही हाच प्रयोग झाला. रंगूनहून येणाऱ्या तांदळाच्या वाहतुकीचे दर परवडेनासे होईपर्यंत पाडण्यात आले. जो व्यापारी सिंदियाच्या जहाजातून माल पाठवील, त्याला इंग्रज कंपनीची सवलत मिळणार नाही, अशीही व्यवस्था होती. कंपनी विकत घेण्याची तयारी इंचकेप यांनी दाखविली. भागधारकांना ती रक्कम सुखाने घेता आली असती. संचालकांनी विक्रीस नकार दिला.

नकार देणे एक वेळ सोपे, नकारानंतर टिकणे कठीण. १९२३ मध्ये सिंदिया कंपनीला इंग्रज कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यानुसार सिंदियाच्या जहाजांची एकूण क्षमता ७५ हजार टनांपुरती मर्यादित झाली. कंपनीने भारत, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनारी व्यापारापुरतेच राहावे, परदेशी मार्गांवर जाऊ नये, प्रवासी वाहतूक करू नये, असे निर्बंध आले. ज्यांनी लंडनपर्यंत जहाज नेले, त्यांनाच आपल्या अंगणात कुंपण घालून बसविण्यात आले. वालचंदांना हा करार दास्यपत्रासारखा बोचत होता.

तरीही तो मान्य केला गेला. त्यांच्या चरित्रातील खऱ्या कसोटीचा क्षण कोणता, असे विचारले तर ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाकडे नव्हे, या कराराकडे बोट दाखवावे लागेल. करार नाकारून कंपनी बुडाली असती, तर आधीच्या स्वदेशी कंपन्यांच्या यादीत आणखी एक नाव जमा झाले असते. करार स्वीकारून कंपनी जगली. तत्त्व सोडावयाचे नाही आणि संस्थाही मरू द्यावयाची नाही, ही तारेवरची कसरत होती. मानहानी गिळून, जहाजे चालती ठेवून, खलाशी व कर्मचारी सांभाळून त्यांनी अनुकूल काळाची वाट पाहिली. वाट पाहताना ते स्वस्थ मात्र बसले नाहीत.

किनारा भारतीयांसाठी

किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवणे हा अन्य अनेक राष्ट्रांचा प्रघात होता. तोच नियम भारतात लागू व्हावा, ही मागणी वालचंदांनी सातत्याने लावून धरली. सिंदिया कंपनीशी निगडित असलेले साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात याविषयीचे विधेयक मांडले व १९२८ मध्ये त्यावर मोठा ऊहापोह झाला. इंग्रज जहाजमालकांच्या विरोधामुळे ते कायद्यात उतरले नाही. महात्मा गांधींनी आपल्या साप्ताहिकातून भारतीय जहाजवाहतुकीची बाजू उचलून धरली. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होण्याचे शिक्षण मिळावे, या लोकमताच्या रेट्यातून १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजाची सोय झाली.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले आणि सिंदियाच्या अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली. कराराची मुदत संपल्यावर काही निर्बंध सैल झाले. १९३७ मध्ये ‘एल मदिना’ हे जहाज घेऊन कंपनीने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीत प्रवेश केला. एका जैन श्रावकाच्या नेतृत्वाखालील कंपनीने मुस्लिम यात्रेकरूंना त्यांच्या तीर्थाला पोहोचविण्याची सेवा करावी, हे अनेकांताच्या संस्काराला साजेसेच होते. दुसऱ्या महायुद्धात सिंदियाच्या अनेक आगबोटी शत्रूच्या हल्ल्यात बुडाल्या. १९४४ च्या मार्चमध्ये बंगालच्या उपसागरात सैनिक घेऊन जाणारी ‘एल मदिना’ही जपानी पाणबुडीला बळी पडली व शेकडो जीव गेले.

विशाखापट्टणमची ‘जलउषा’

जहाजे विकत घेऊन भागणार नाही, ती स्वदेशात बांधली पाहिजेत, हा वालचंदांचा पुढला संकल्प. कारखान्यासाठी प्रथम कलकत्त्याचा विचार झाला, पण तेथे जागेचा प्रश्न सुटेना. अखेर विशाखापट्टणमची निवड झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. वर्षही पुरे होत नाही, तोच ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. यंत्रसामग्री हलवावी लागली व काम खोळंबले. युद्ध संपताच ते पुन्हा हाती घेण्यात आले.

१४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते आठ हजार टनी ‘जलउषा’चे जलावतरण झाले. स्वतंत्र भारतात बांधून पाण्यात उतरविलेले हे पहिले आधुनिक सागरी जहाज. उतारावरून पाण्यात शिरणारे नवे जहाज प्रथम स्वतःच्या बळावर चालत नाही. लहानशा टगबोटी दोर बांधून त्याला धक्क्यापर्यंत ओढून नेतात, तेथे उरलेली जोडणी होते आणि मगच ते महासागराकडे तोंड करते. नवजात राष्ट्राच्या उद्योगांनाही अशा ओढून नेणाऱ्या हातांची गरज होती. वालचंदांचे कार्य त्या टगबोटीसारखे होते. आकाराने कितीतरी मोठे असे काही आपल्या बळावर धक्क्याला लावावयाचे आणि मग दोर सोडून द्यावयाचा.

हा दोर त्यांना अनेकदा सोडावा लागला. १९४० च्या डिसेंबरमध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये तिचा कारभार सरकारने घेतला व त्यातूनच पुढे देशाचा प्रमुख विमाननिर्मिती उद्योग वाढला. जहाजबांधणीचा कारखानाही १९५२ मध्ये हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने मुख्यत्वे सरकारच्या मालकीचा झाला. यांखेरीज १९२६ ची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, रावळगाव व वालचंदनगर येथील साखर उद्योग आणि १९४४ ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स असा त्यांचा पसारा होता. माळरानावर ऊस व साखर कारखाना यांतून वसाहत कशी उभी राहते, हे तेरणा साखर कारखान्यामुळे ढोकीकरांना निराळे सांगावयास नको.

अखेरचे पर्व व कृतज्ञ स्मरण

१९४९ मध्ये पक्षाघाताच्या आजाराने वालचंदांना ग्रासले. १९५० मध्ये ते उद्योगातून निवृत्त झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी भारताचा किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी पूर्णपणे राखून ठेवण्यात आला. ज्या मागणीसाठी त्यांनी जवळजवळ तीन दशके झुंज दिली, ती मान्य झाली तेव्हा लढणारा योद्धा रुग्णशय्येवर होता. धर्मपत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची एकनिष्ठ शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाला चौतीस वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते.

वालचंदांना पुत्र नव्हता. बंधू गुलाबचंद, रतनचंद व लालचंद आणि पुढील पिढी यांनी उद्योगांचा वारसा सांभाळला. काळाच्या ओघात त्यांतील काही उद्योग विस्तारले, तर काही मालवले. सिंदिया कंपनीचीही पुढे आर्थिक घसरण झाली व तिची जहाजे समुद्रावरून दिसेनाशी झाली. संसारात काहीच शाश्वत नाही, ही अनित्य भावना श्रावकाला नवी नाही. परंतु जे समाजार्पण झाले, ते टिकले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. १९५५ मध्ये वालचंदांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्यानंतर त्याला त्यांचे नाव देण्यात आले. सांगलीतच कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय उभे राहिले. सोलापुरात ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या छत्राखाली वालचंद महाविद्यालय व वालचंद तंत्रशिक्षण संस्था विद्यादान करू लागल्या. सोलापूर व धाराशिव परिसरातील अनेक कुटुंबांच्या घरी यांपैकी एखाद्या संस्थेचे पदवीपत्र भिंतीवर लावलेले आढळेल.

परिग्रहाचे परिमाण म्हणजे केवळ तिजोरीला घातलेली मर्यादा नव्हे. मिळविलेले आपले म्हणून कवटाळून न बसता ते योग्य हाती सोपविणे, हेही त्याचेच अंग होय. उद्योगपतीची जहाजे, विमाने व मोटारी पाहून जग दिपते. संस्था चालविणाऱ्यांनी मात्र वालचंदांच्या चरित्रातून १९२३ सालची ती अवघड सही अधिक लक्षात ठेवावी. वर्गणी आटते, माणसे दुरावतात, मनाविरुद्ध तडजोड करण्याची वेळ येते. अशा दिवसांत रागाने कुलूप न लावता जो दिवा तेवत ठेवतो, त्याच्याच संस्थेला सुवर्णमहोत्सव पाहावयास मिळतो.

येडशी-तडवळ्याच्या मातीत पहिला भराव घालणाऱ्या आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘जलउषा’ला सागरार्पण करणाऱ्या या थोर समाजपुरुषाच्या पावन स्मृतीस सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ढोकी परिसरातील सकल जैन समाजाचे विनम्र अभिवादन !